तिच्या बोटांपुरता खटका

३ मार्च
परत नाही म्हणाली! "तळ्यापर्यंत जाऊन येऊ, दोनच दिवस," एवढंच तर म्हटलं होतं. तर तिने बोटं पुढे केली. "अहो, आखडलीत ही. पेट्रोलच्या टाकीचं दार उघडायचं कुणी?"

छत्तीस वर्षांचा आमचा करार – मोटरसायकल मी चालवायची, पंपावर टाकीवरचं दार तिने उघडायचं. मी हात लावलेला खपत नाही तिला. मागच्या खेपेला घाटात वळणावर तो ट्रक अचानक पुढ्यात आला, तेव्हा तिने मला केवढं घट्ट धरलं होतं! बोटं तेव्हाच दुखावली असणार. त्यानंतर गाडीवर बसलीच नाही.

गाडी विकेन. पण तिच्याशिवाय जाणार नाही.

७ मार्च
चार दिवस बाईसाहेबांवर पाळत ठेवली. मिक्सरचं बटण दाबते. लिफ्टचं दाबते. म्हणजे दाबायला त्रास नाही, उचकटायला आहे – आणि आमचं दार नखाने उचकटावं लागतं. सापडलं! बटण दाबलं की टुणकन उघडणारा खटका बसवायचा. तिला इतक्यात सांगायचं नाही.

डॉक्टरकडे मात्र चल म्हटलं की अंगावर येते.

८ मार्च
गॅरेजवाल्याने दोन खटके दाखवले. एक मऊ – पण खड्ड्यात दार आपोआप उघडेल म्हणे. दुसरा कडक. "कडकच घ्या, काका."

"तुझ्या काकूंना कडक चालत नाही."

"मग तुमच्याशी इतकी वर्षं कसं जमलं?"

वात्रट आहे. शेवटी मधला ठरला, किल्लीने बंदही होणारा. भोकाचं माप मी घरून मोजून द्यायचं.

१५ मार्च
फजिती! मी तेवीस लिहून दिलं, भोक निघालं अठ्ठावीसचं. खटका आत पडला. पट्टीवरचे इंग्रजी आकडे मुंगीएवढे, तीन काय आणि आठ काय! "काका, चष्मा?" गॅरेजवाला म्हणाला. मी म्हटलं, पट्टी बदल.

घरी सगळं सांगून टाकलं. वाटलं, पोट धरून हसेल. हसली नाही. चहा ओतता ओतता थांबली.

२२ मार्च
बसला! तिला खाली नेलं. अंगठ्याने दाबलं – दार टुणकन वर. "एवढं सगळं माझ्यासाठी?" डोळे भरले तिचे. फार आवडते मला ही बाई.

"मग रविवारी निघायचं?"

तिने दार लावलं, उघडलं, परत लावलं.

२३ मार्च
टॉवेल विसरलो म्हणून न्हाणीघरातून परत आलो. ती ओट्याशी पाठमोरी. काल माझ्याने न हललेलं बरणीचं झाकण तिने नखाने उचकटलं आणि एका हिसक्यात काढलं. बोटं ठणठणीत!

आधी राग आला. मग तो ट्रक आठवला. अचानक कुठला? सरळ समोरून येत होता. तिला दिसला होता, मला नाही. तुम्हाला नीट दिसत नाही, एवढं तिच्याने बोलवलं नाही. त्यापेक्षा तिने स्वतःची बोटं मोडीत काढली.

२४ मार्च
"डोळे दाखवून यावेत म्हणतो," मी म्हटलं. "चला, मी येते," – म्हणेपर्यंत चपला पायात! बोटांचा विषय ना तिने काढला, ना मी. जिना उतरताना तिने माझा हात धरला. केवढा घट्ट!