सुईने उपास मोडतो का?

गुरुजी,

एक गंभीर तक्रार आहे. गेले दोन महिने आमच्या घरी चहा बिनसाखरेचा होतो. मधुमेह बायकोला, दंड मलाही; हा न्याय कुठल्या स्मृतीतला? ती म्हणते, "तुमका वेगळी च्या कोण करतलो?" टाळूला बसवलेल्या प्लेटमुळे तिचे शब्द जरा घरंगळतात, टोमणा मात्र नेमका पोचतो.

मांद्र्याला तुमच्या ओटीवर लोक शास्त्र विचारायला यायचे. एकदा निर्जळी उपासाबद्दल विचारणाऱ्या पोटुशी बाईवर मी श्लोक फेकला, तेव्हा तुम्ही मला गप्प केलंत. "आधी तिचा चेहरा बघ, मग पोथी." आणि तिला पेज प्यायला बसवलंत. आता इथे पाळी या खाणींच्या गावात लोक मला विचारतात. गेल्या नवरात्रात बायकोने विचारलं, "सुयेन उपास मोडता?" मी पेपरातून डोकं न काढता, गंमत म्हणून तुमचाच आवाज काढला, "देहात शिरते ते अन्न. मोडतो!" तिने नऊ दिवस इन्शुलिन घेतलं नाही. मला पत्ताही नाही.

दसऱ्याला तिचा गाल बधिर झाला. नाकातून काळी खपली आली, तर मी म्हटलं, खाणीची धूळ. इथे कुणाचं नाक स्वच्छ असतं? पापणी खाली उतरली तेव्हा कुठे पणजी गाठली. बुरशी होती. रक्तात साखर फार वाढली की ती नाकातून हाडात, डोळ्यात, मेंदूत सरकते म्हणे. त्याच दिवशी ऑपरेशन करून सडलेला भाग आणि टाळूचा तुकडा काढला. मग कित्येक आठवडे सलाईनमधून पिवळं औषध, बाटलीला काळा कागद गुंडाळलेला. ते चढू लागलं की ती खाट हलेल इतकी कापायची आणि मी तिचे पाय धरून बसायचो. "इंजेक्शन कोणें बंद केलें?" डॉक्टरांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माजो उपास होतो, दोतोर." माझं नाव घेतलं नाही.

डोळा वाचला, गुरुजी. तीही वाचली. गोव्याच्या राजभाषेच्या वादात मी कोकणीविरुद्ध, मराठीसाठी घसा बसेपर्यंत बोललेला माणूस. "आतां बरी आसा" हे डॉक्टरांचं कोकणी वाक्य ऐकून वॉर्डाच्या दारात रडलो.

तुम्ही आता नाही; हे पत्र कुठे टाकणार? टेबलाच्या खणातच राहील. पण परवा एकादशी आहे, आणि काल तिने पुन्हा मलाच विचारलं. मी म्हटलं, सुई घ्यायचीच, आणि उपास अजिबात नको. "बरां," म्हणाली, आणि तांदूळ निवडू लागली. नवरात्रातही अशीच लगेच "बरां" म्हणाली होती. मी सांगेन ते ती अजून खरं मानते. मला भीती वाटते ती त्याचीच.