कोंडाजीचे सोमवार आणि तुझी वॉटरबॅग

उल्हासनगर, कॅम्प तीन
मे १९९४

प्रिय मालिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघूनच तुझं नाक वर गेलं असणार. कराडला मावशीकडे जाताना तू बजावलं होतंस की पत्रात त्या पाण्याच्या सर्व्हेचं नावही काढायचं नाही. आजपर्यंत पाळलं. पण माझ्या पोटात काही राहत नाही हे तुला शाळेपासून ठाऊक आहे, तेव्हा रागव आणि पुढे वाच.

परवा कात्रपला तुझ्या घरी गेले होते. आईंनी कैरीचं लोणचं घातलंय, मला बरणीतलं चाखायला लावलं. तब्येत बरी आहे, पण मधेच म्हणाल्या, "माझी पोर खोटं लिहील का गं?" मला गलबलून आलं. सर्व्हेच्या हिंदुराव साहेबांनी सगळ्यांसमोर तुला म्हटलं ना, की वाड्यांवर न जाता घरबसल्या फॉर्म भरलेस, ते आईंच्या कानातून अजून गेलेलं नाही. शिवाय 'पाणी पुरत नाही' म्हणणारे तुझे फॉर्म रद्द झाले आणि उरलेल्या चौघांच्या फॉर्ममध्ये बहुतेक 'पाणी पुरतं' असंच होतं, त्यामुळे बारवीकडच्या ठाकूरवाडीचं नाव विहिरीच्या यादीतून उडालं. म्हणजे तुझं नाव गेलं, नोकरी गेली आणि त्यांची विहीरही.

हे सगळे फॉर्म नंतर आमच्या आसनदास शेठच्या ऑफिसात आले, कॉम्प्युटरमध्ये भरायला. मी स्वतःच मागून घेतले. भरता भरता मी एक प्रोग्रॅम लिहिला. कुणी विचारलं, कुणी उत्तर दिलं, बाईनं की बाप्यानं, सकाळी की संध्याकाळी, सगळं वेगवेगळं करून बघायचं आणि उत्तरं कुठल्या बाजूला झुकतायत ते शोधायचं. त्याचं नाव ठेवलं 'नणंद'. काम एकच, सगळ्यांचं उणंदुणं काढणं. शेठनी ऐकलं आणि म्हणाले, "वा रे अंजनी, नणंद को एसी में बिठाया, और हम इधर पसीने में!"

आता खरं सांगते. नणंदेनं पहिलं बोट तुझ्याकडेच दाखवलं. कसंही वाटून बघितलं तरी तू एका बाजूला आणि चौघं दुसऱ्या बाजूला. तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत होतं, पण मशीनला मैत्री कशी सांगणार? डोकं अगदी पिकलं. त्यात शुक्रवार आला, आमच्याकडे शुक्रवारी वीज बंद. हातावर हात ठेवून बसले होते तेव्हा मनात आलं, अरे, वार बघितलाच नाही की! शनिवारी तेवढं एक केलं, आणि पडद्यावर चौघांतला आपला पालेगावचा कोंडाजी वर आला. इतर दिवशी त्याच्या फॉर्ममध्ये पाणी भरपूर, आणि सोमवारी मात्र त्याच भागातल्या वाड्या कोरड्या ठणठणीत. मला वाटलं, रविवारी बाबा काही घेतो की काय!

बोलावून विचारलं तर कानापर्यंत लाल झाला. लग्न जमत नाही म्हणून आईनं त्याला सोळा सोमवार धरायला लावलेत, तेही निर्जळी. मी खुर्चीतून उठलेच. सोमवारी कोंडाजी पाणी पीत नाही आणि तू कुणाच्या घरचं कधीच पीत नाहीस! तुझी ती काविळीपासूनची हिरवी वॉटरबॅग, उकळलेल्या पाण्याची. पण 'पाणी प्यायलात का' असा रकाना फॉर्ममध्ये कुठून असणार? म्हणून रविवारी कोंडाजीला घेऊन मी ठाकूरवाडीवरच गेले.

नवसी आठवते ना, पहिल्याच घरातली? तिनं घासूनपुसून लखलखीत तांब्या पुढे केला. आम्ही गटागट प्यायलो. मग मी विचारलं, पाणी पुरतं का गं? "हाय ना बाय, भरपूर हाय." मग मी सरळ तुझंच नाव काढलं आणि म्हटलं, तिला तर तू उलटं सांगितलंस. नवसी हसली. "पावन्याला पानी पाजल्याव पानी नाय असं कसं सांगाचं? त्याच्या घशाखाली घोट उतरंल का?" आमचे चौघं आधी पाणी पीत होते, मग पाण्याचं विचारत होते! आणि मगच ती मला ओढ्यावर घेऊन गेली. वाळूत खणलेला खड्डा, त्यात बायका करवंटीनं पाणी भरत होत्या. एक हंडा भरेपर्यंत बाकीच्या उन्हात बसून. मी प्यायलेला तांब्या त्यातलाच होता. मला फार लाज वाटली.

पाणी नको म्हणणं काही जमायचं नाही, म्हणून मी हिंदुराव साहेबांना सुचवलं की प्रश्न बदला. पुरतं का, असं विचारूच नका. हे पाणी आणलं कुठून आणि गेलं कोण, एवढंच विचारा. तसं पुन्हा विचारलं तर सगळ्या वाड्यांवर बायका भरभरून बोलल्या. ठाकूरवाडीची विहीर मंजूर झाली. साहेब तुला स्वतः पत्र लिहिणार आहेत, नोकरीवर परत ये म्हणून. लिहू देत, थोडी शाई त्यांचीही खर्च होऊ दे.

पण मी लिहितेय ते नोकरीसाठी नाही. त्या दिवशी मी नवसीला विचारलं होतं, मालिनीही पाहुणीच ना, मग तिला खरं कसं सांगितलंस? ती म्हणाली, "कोंडाजीनं सोमवारी हात जोडून उपास हाय म्हनलं, त्याचं काय वाटलं नाय. ती काय बोलली नाय, आमच्या पडवीत बसून आपलंच पानी पिली. आमचं चालत नसंल तिला. मंग तिच्याशी कशाला ग्वाड बोलाचं?" वाईट वाटलं ना? मलाही वाटलं. तुझे फॉर्म खरे निघाले ते त्यांच्या रुसव्यामुळे. मी तिला तुझी कावीळ सांगितली, डॉक्टरांनी घातलेलं पथ्य सांगितलं. ती इतकंच म्हणाली, "मंग तवाच सांगाचं व्हतं ना बाय. आमी उकळून दिलं असतं." मालिनी, त्या खड्ड्यातलं पाणी, आणि ती उकळून देणार होती. तू ये. वॉटरबॅग घरी ठेवून ये.

तुझीच,
अंजनी