पोचलो म्हणाला, पण

रविवार, संध्याकाळ

महेश खोटं बोलला. पोचलेला नाही तो अजून.

महिनाभर सूनबाईला घेऊन गाडीने युरोप फिरला. आज शेवटचा दिवस, इटलीहून जर्मनीतल्या घरी परत. घरचं माणूस वाटेत असलं की ते पोचल्याचं कळेपर्यंत सुमन जेवत नाही. सकाळपासून नुसत्या चहावर होती. आत्ता फोन आला, "पोचलो की आई! जेव आता."

पण मागे टिकटिक चालू होती. गाडी कडेला घेऊन चारी इंडिकेटर लावले की होते, ती. माझा जन्म टॉवेलच्या मागांच्या खडखडाटात गेला. कुठला माग अडला ते मला दारातूनच कळतं, आणि ही टिकटिक कळणार नाही?

गाडी बंद पडली असेल? की ठोकली? मी विचारलं, "सूनबाई कुठाय रे?"

"अंघोळीला गेलीय, पप्पा."

सुचलं बरं पटकन! धंद्यात घालायला हवं होतं पोरगं. पण तिचा आवाज का नाही आला? आणि ती टिकटिक...

सुमनला काही बोललो नाही. तिने ताटं वाढली, भाकरी मोडली. "तुमी बी बसा की."

"पोट जड आहे," म्हटलं. इथेच चुकलो. शेंगाचटणी समोर असताना माझं पोट कधी जड झालंय?

तिने हातातला घास ताटात ठेवला.

"अवो, पोरगं पोचलं न्हाय न्हवं?"

दोन्ही ताटं झाकून ठेवलीत. मधे फोन.