वरच्या कोपऱ्यातलं नाव

गाला, मंगळवार संध्याकाळ

आज सावंताशी खोटं बोललो.

वेबसाइटची टेस्ट रोज लॉगिनपासून करायला नको, म्हणून ब्राउझरमधलं पान आहे त्या स्थितीत साठवून ठेवायचं आणि सकाळी तिथूनच पुढे जायचं, ही सोय त्यानंच केलेली, इथं माझ्याबरोबर कामाला होता तेव्हा. लॉगिन त्याचं. फाइलचं नाव मी ठेवलं, ‘पुनरागमन’. "पंडित, फाइल साठवतोयस की गणपती विसर्जन करतोयस?" म्हणाला होता.

इथलं आखातातलं कॉन्ट्रॅक्ट संपून तो कुडाळला गेला, पण पान उघडलं की वरच्या कोपऱ्यात त्याचं नाव असायचंच. मी बदललं नाही. आळस? आळसच म्हणू या.

आज सगळ्या टेस्ट लाल, म्हणजे नापास. सर्व्हर म्हणतो, असा कोणी वापरकर्ताच नाही. अर्बाबला, म्हणजे इथल्या अरब मालकाला, विचारलं, तर मान वर न करता म्हणाला, "सावंत? खलास." म्हणजे परत बोलावणं नाहीच.

आणि नेमका आजच त्याचा फोन. "परत बोलावतो, इन्शाल्ला, असं अर्बाब म्हणाला होता रे. कोपऱ्यात माझं नाव दिसतं ना अजून?"

"दिसतं. रोज सकाळी तुझंच दर्शन."

हसला. "मग इथल्या कॉलेजातल्या नोकरीला उद्या नाही म्हणून कळवतो."

मी "बरं" म्हणालो. बरं!

मग माझ्या लॉगिननं नवं पान साठवलं. कोपऱ्यात आता माझं नाव. फाइलचं नाव तेच ठेवावं का, यावर बराच वेळ विचार केला, फोन लावायचा सोडून.

आता लावतो. एवढंच म्हणायचं आहे, सावंता, ती नोकरी घे.