चौदाव्या दिवसाचं कार्ड

प्रिय छकुले,

वॉर्ड सांभाळणाऱ्या डॉक्टरीणबाईंना छकुली म्हणू नये हे कळतं, पण बापाची जीभ वळत नाही. फोनवर तू ‘हो बाबा’ म्हणतेस आणि राउंडला पळतेस, म्हणून हे पत्र काकाबरोबर हातोहात पाठवतोय. उभ्याउभ्या वाचू नकोस.

परवा सत्कार झाला. मखमली खुर्च्या, बुळबुळीत भाषणं. तीस वर्षं लोकांच्या छात्या ऐकल्या, त्याचं हे फळ. एकाने मला ‘न्यूमोनियाच्या पेशंटला पाच दिवसांत घरी पाठवणारा माणूस’ म्हटलं आणि टाळ्या पडल्या. पदक मी चपलांच्या कपाटात टाकलंय. तुझी आई ओरडली, मी ऐकून घेतलं.

बावीस वर्षांपूर्वीचा तो अभ्यास तुला तोंडपाठ आहे. दहाऐवजी पाच दिवस औषध द्यायचं, घरी सोडायचं, आणि चौदाव्या दिवशी पिवळं कार्ड घेऊन तपासायला बोलवायचं. आलेले बहुतेक बरे असायचे. न आलेल्यांचं काय? आमचे मोठे सर चहा ढवळत म्हणायचे, आला नाही म्हणजे बरा झाला, बऱ्या माणसाचं इथे काय काम? आम्ही खी खी हसायचो आणि तक्त्यात ‘बरा’ लिहायचो. बरा, बरा, बरा. त्या माझ्या वळणदार अक्षराची आता किळस येते.

त्यात एक शिंपी होता. स्वतःला धाप लागलेली असताना खाटेवर बसून त्याने माझ्या कोटाचं लोंबणारं बटण शिवून दिलं. पाचव्या दिवशी ताप नव्हता, पण जिना उतरताना तो दोनदा थांबला. मी ते पाहिलं आणि जाऊ दिलं. पंधराव्या दिवशी त्याची बायको कार्ड परत द्यायला आली. दवाखान्याची वस्तू घरात कशाला, म्हणाली. तो बाराव्या दिवशीच गेला होता. मी कार्ड खणात टाकलं आणि तक्त्यातलं ‘बरा’ तसंच राहू दिलं. बाकीच्या न आलेल्यांकडे चौकशीला गेलोच नाही, कारण तिथे काय ऐकावं लागेल याची मला कल्पना होती. सरांवर ढकलून मोकळं होता येत नाही. सर केव्हाच वारले, आणि त्या अभ्यासाच्या छापील लेखावर पहिलं नाव माझं आहे.

लेख मागे घ्या, असं काल मी नियतकालिकाला कळवलं. लोक तोंडात शेण घालतील, घालू देत. पण एवढ्यासाठी मी तुला पत्र लिहिलं नसतं.

अभिनंदनाच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, ‘बाबा, तुमच्या पद्धतीने या महिन्यात सात म्हाताऱ्यांना पाचव्या दिवशी सोडलं. एकही परत आला नाही, सगळे ठणठणीत!’ वाचून पायाखालची वाळू सरकली. न आलेल्याला ठणठणीत धरायचं, हे मी तुला कधीच शिकवलं नव्हतं गं. केसपेपरवर पत्ते असतील. राउंड दुसऱ्या कुणाला तरी दे आणि आजच निघ. सातही दारं वाजव. दार कोण उघडतं ते पाहा, आणि मग मला कळव.

तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नसलेला, तरी तुझाच,
बाबा