सुनेची प्रार्थना

रविवार, संध्याकाळ

सगळे गेले. रूथचा चहा टीपॉयवर तसाच पडून आहे.

आज प्रार्थनासभा आमच्या घरी होती. माझी सून रूथ पनागरच्या हिंदी घरातली. तिनं हिंदीत प्रार्थना सुरू केली आणि मी सगळ्यांसमोर तिला मधेच अडवलं, "या घरात मराठीत!" काहून बोललो असं? मघापासून तेच आठवून राहिलं.

मग मी स्वतः प्रार्थनेला डोळे मिटले, तर शब्दच फुटेना. एरवी मला थांबवावं लागते! तेवढ्यात तीच हळूच बोलली, "प्रभु, पापाजी थक गए हैं. इनके मन को शांति दे."

तिच्यामागून मंडळीतली तरुण पोरंही प्रार्थना करू लागली. माझ्या धाकानं आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं त्यांनी. कोणी हिंदीत, कोणी मोडक्या मराठीत.

माझ्या रागातूनही देवानं एवढं चांगलं काढलं. पण म्हणून माझा राग चांगला होता का? नाही. तिची माफी मागणं काही सुटलं नाही.

हा चहा तर पार निवला. उठतो. तिला नवा करून देतो आणि माफी मागतो.

हिंदीतच.