इंग्रजी न येणारा जुळारी

गुलबर्गा,
४ मार्च १९७४

चि. सुशीला,

जयभीम आणि आशीर्वाद. मी बरा आहे, खोकला गेला. आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना? ती स्वतःहून लावणार नाही, रात्री तिच्यापाशी बसून तूच लाव. हुलसूरला ऊन वाढलं असेल. रानात जाताना तिला डोक्याला फडकं बांधायला सांग.

३१ तारखेला नर्सिंगच्या परीक्षेला बिदरला कुणाबरोबर जाणार ते कळव. शेजारची गीता बसणार असेल तर दोघी मिळून जा. आदल्या दिवशीच निघा, सकाळच्या बसचा भरवसा नाही.

या खेपेला पत्रात इंग्रजी शब्द नाहीत. चार वर्षांत पहिल्यांदाच असं झालं. साबणाच्या कागदावरचे, खताच्या पोत्यावरचे, मालक वाचून टाकतात त्या पेपरातले असे दहा शब्द तू पत्र उघडल्याबरोबर शोधतेस, हे मला माहीत आहे. पण सध्या काम फार आहे. वाचायला सवड होत नाही.

आणखी एक. फेब्रुवारीच्या शेवटी पाठवलेले दहा शब्द पाठ करू नकोस. त्यांचे अर्थ मी नीट लिहिले नाहीत असं वाटतं. तो कागद चुलीत घाल. कुणाला दाखवला असशील तर लगेच कळव.

आईला पत्र वाचून दाखवताना एवढा भाग सोड.

तुझा अप्पा,
भीमराज

*

गुलबर्गा,
१५ मार्च १९७४

चि. सुशीला,

जयभीम.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. "अप्पा, अर्थ तर सगळे बराबर हायत, मी शाळेच्या डिक्शनरीत बघून घेतले. मग कागद चुलीत कामून घालू? शब्द तर मला तोंडपाठ झाले, गीताक्काला म्हणूनबी दाखवले." असं तू लिहिलंस. आनंदानं लिहिलंस. त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

आता खरं ते लिहितो.

प्रेसमध्ये मी छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवतो हे तुला माहीत आहे. परीक्षांचे इंग्रजी पेपर मालक माझ्याकडेच देतात. माझा हात स्वच्छ म्हणून देतात, असं मी आईला सांगत आलो. ते अर्धंच खरं आहे. पेपर घेऊन साहेब लोक आले की मालक वीरभद्रप्पा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "ह्याला इंग्रजीतलं काहीच कळत न्हाई बघा. अक्षर बघतो, तसलाच खिळा लावतो. पेपर फुटायची भीतीच न्हाई." मी खाली बघून हसायचो. सातवी मराठी शिकलेला माणूस. सुरुवातीची बरीच वर्षं ते खरंच होतं.

तू आठवीत गेलीस आणि पत्रातून अर्थ विचारायला लागलीस. अप्पाला येत नाही असं कळवायचं माझ्या जिवावर आलं. मालकांनी वाचून टाकलेलं वर्तमानपत्र मी खोलीवर नेऊ लागलो. दिसेल तो कागद वाचायला लागलो. मग एक दिवस जुळवता जुळवता ओळ वाचलीच गेली, खिळ्यावरची अक्षरं उलटी असूनही. आनंद झाला तो घटकाभर. त्या दिवसापासून भीतीच आहे. सांगितलं असतं तर ते काम दुसऱ्याकडे गेलं असतं. मी न सांगता जुळवत राहिलो.

फेब्रुवारीत दाराला आतून कडी लावून एक पेपर जुळवला. वर तुझ्याच परीक्षेचं नाव होतं. खाली विहिरीचं पाणी उकळून पिण्यावर एक उतारा. मूळ कागद आणि प्रुफं मालकांनी मोजून कपाटात घातली. दोन दिवसांनी तुला पत्र लिहायला बसलो, आठवतील ते दहा शब्द लिहिले. पत्र पेटीत पडल्यावर ध्यानात आलं, त्यातले सहा त्या उताऱ्यातले होते.

मुद्दाम केलं नाही. पण पोरी, शपथ घ्यायची म्हटलं तर जीभ अडते.

मंगळवारी मालकांना सांगितलं. त्यांना थट्टा वाटली.

"तुला इंग्रजी येतंय? कधीपासनं?"

"चार वर्षं झाली."

"वाच बघू." टेबलावरचा पेपर त्यांनी पुढे सरकवला.

मी उभ्यानं वाचलं. दोन ठिकाणी अडखळलो. कुणासमोर मोठ्यानं इंग्रजी वाचायची ती माझी पहिलीच वेळ. ते मध्येच थांबवतील असं वाटलं, पण त्यांनी अख्खी बातमी वाचू दिली. मग चष्मा काढून म्हणाले, "भीमराज, तू पिऊन आला असतास तरी चाललं असतं रे."

मी म्हणालो, "माझी पोरगी त्या परीक्षेला बसायलीय. तिला सहा शब्द गेलेत. तिचं नाव..."

"नाव सांगू नको," ते म्हणाले. "साहेबानं विचारलं तर मला ठाऊक नसलेलं बरं."

त्याच दुपारी ते साहेबांना सांगायला बिदरच्या बसमध्ये बसले, काल परत आले. तो पेपर रद्द झाला. नवा दुसरीकडे छापतील, कुठं ते त्यांनाही सांगितलं नाही. परीक्षेचं काम यापुढे आमच्या प्रेसला मिळणार नाही. मालकांनी मला जा म्हटलेलं नाही, राहा असंही म्हटलेलं नाही. लग्नपत्रिका जुळवायला दिल्यात. त्या संपल्यावर काय ते कळेल. आईला यातलं एवढ्यात काही बोलू नकोस.

तू परीक्षेला बस. गीतालाही बस म्हण, पण पेपर बदललाय हे तिला सांगू नको, बाकीचंही काही नको. नुसतं नीट वाचून जा म्हण. तुझ्याकडून काही चूक झालेली नाही. ते शब्द आता विसर म्हटलं तरी विसरता यायचे नाहीत.

पेपर सुटला की बिदरच्या स्टँडवरूनच कार्ड टाक. कोणते प्रश्न आले, काय सुटलं, सगळं लिही. मला त्यातलं काही ठाऊक नसेल. इतर पोरींचे बाप बसतील तसा मीही इथे जीव मुठीत धरून बसेन, आणि मला तसंच बसायचं आहे.

तुझ्या कार्डाची वाट पाहणारा,
अप्पा